टीबी आपल्यातून लवकर जाणार नसेल, तर मंडळाने आणि शहराने कसे वागावे?

प्रश्न: वाचनालय_चिटणीस, इंदूर

सर्वांना नमस्कार. इंदूरच्या पश्चिम भागातील एका मराठी मंडळाचा चिटणीस म्हणून मी काम पाहतो. मंडळाचे स्वतःचे सभागृह आहे, त्याला लागून वाचनालय आहे, संध्याकाळी तबल्याचे आणि गायनाचे वर्ग भरतात, महिलांचे भजनी मंडळ असते आणि गणेशोत्सवात तर सभागृहाला कुलूप लागत नाही. काही महिन्यांपूर्वी आमच्या तबलावर्गाच्या गुरुजींना फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे निदान झाले. त्यांनी ते लपवले नाही. स्वतः कार्यकारिणीला कळवले, उपचार सुरू केले आणि डॉक्टरांनी सांगितले तोवर ते घरी राहिले. आता कामावर जाण्यास हरकत नाही असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. गोळ्या मात्र चालू आहेत. तरीही काही पालकांनी लेखी मागणी केली आहे की, गुरुजींनी निदान वर्षभर सभागृहात येऊ नये, त्यांच्या तबल्याला दुसऱ्या कोणी हात लावू नये आणि यापुढे प्रत्येक शिक्षकाकडून व कर्मचाऱ्याकडून आरोग्याचा दाखला घ्यावा. मध्यंतरी गुरुजी एकदा भेटायला येऊन गेले. त्यानंतर चहाचे पेले विसळताना एका स्टीलच्या पेल्याच्या बुडाशी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिसला. तो पेला त्यांच्यासाठी वेगळा काढला होता आणि तो कोणी काढला हे कोणीच सांगेना.

मला त्या ठिपक्याचे फार वाईट वाटले. पण पालकांची काळजी खोटी आहे असेही मी म्हणू शकत नाही. लहान मुले दीड-दोन तास एका खोलीत बसतात आणि आमच्या सभागृहाला एसी बसवल्यापासून रस्त्याकडच्या खिडक्या प्लायवूड लावून बंद केलेल्या आहेत.

यातून मोठा प्रश्न समोर आला आहे. कोविडच्या काळात आपण सर्वांनी नियम पाळले, २०२० आणि २०२१ मध्ये रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी शहराची मिरवणूकसुद्धा निघाली नाही, २०२२ मध्ये ती पुन्हा निघाली आणि संकट संपले असे मानून आपण पूर्वीसारखे वागू लागलो. जी साथ येते आणि ओसरते, तिच्यासाठी काही महिने दार बंद करून घेता येते. जो रोग पिढ्यान्‌पिढ्या आपल्यात आहे आणि आणखी कित्येक वर्षे राहणार आहे, त्याच्यासाठी दार बंद करून कसे चालेल? अशा रोगासोबत मंडळ, शाळा, वसाहत, कचेरी चालवायची तर कोणत्या गोष्टी कायमच्या अंगवळणी पाडाव्यात आणि कोणत्या सोडून द्याव्यात? रोग्याचे नाव सर्वांना कळायला हवे की नको? जाणकारांनी सविस्तर लिहावे, कारण येत्या सभेत मला याचे उत्तर द्यायचे आहे.

उत्तर: निवृत्त_छातीरोगतज्ज्ञ, इंदूर

चिटणीससाहेब, आधी गुरुजींचे पाहू, कारण ते सोपे आहे. फुप्फुसाचा टीबी हवेतून पसरतो. रोगी खोकतो, मोठ्याने बोलतो किंवा गातो तेव्हा जंतू असलेले अतिसूक्ष्म कण हवेत जातात, बंद खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात आणि दुसऱ्याच्या श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर पोहोचतात. पेला, ताट, कपडे, हस्तांदोलन किंवा तबल्याची पुडी यांतून हा रोग लागत नाही. योग्य औषधे नियमित सुरू झाली की संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने घटते आणि जंतू औषधांना दाद देत असतील तर साधारण दोन आठवड्यांनंतर बहुतेक रोग्यांपासून इतरांना धोका उरत नाही. उपचार पुढे किमान सहा महिने चालतात, कारण शरीरात दडलेले उरलेसुरले जंतू मारायला तेवढा वेळ लागतो. अर्धवट सोडले तर रोग उलटतो आणि औषधांना न जुमानणारा होऊ शकतो. गुरुजी गोळ्या घेत आहेत आणि डॉक्टरांनी त्यांना परवानगी दिली आहे, तेव्हा आज तुमच्या सभागृहात त्यांच्यापासून धोका नाही. तो ठिपका पुसून टाका.

धोका होता तो निदान होण्यापूर्वीच्या आठवड्यांत, जेव्हा ते खोकत वर्ग घेत होते आणि कोणालाच, अगदी त्यांनाही, काही ठाऊक नव्हते. म्हणून त्या काळात त्यांच्यासोबत रोज बराच वेळ बसलेल्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची तपासणी व्हायला हवी. आपल्याकडे हे सरकारी दवाखान्यात मोफत होते. लक्षणे विचारली जातात, गरजेप्रमाणे एक्स-रे आणि बेडक्याची तपासणी होते. ट्रूनॅटसारख्या यंत्रावर काही तासांत जंतू सापडतो आणि मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही कळते. रोग नसेल, पण संसर्गाची शक्यता असेल, तर रोग होऊच नये म्हणून द्यायची औषधे आहेत. पाच वर्षांखालील मुले आणि मधुमेही यांच्याकडे आधी लक्ष द्यावे.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे वळतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकसंख्येच्या शरीरात टीबीचा जंतू शिरलेला आहे असा अंदाज आहे. त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात कधीच रोग होत नाही. शंभरातील पाच ते दहा जणांना होतो आणि उपासमार, मधुमेह, धूम्रपान, एचआयव्ही यांमुळे ती शक्यता वाढते. जगात दरवर्षी एक कोटीहून अधिक लोकांना हा रोग होतो आणि त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात असतो. म्हणजे रोगी आणि निरोगी अशी दोन गावे वसवून मध्ये भिंत घालणे शक्यच नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना जंतू असणारच.

तसा प्रयत्न जगाने करून पाहिला आहे. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी या जंतूचा शोध जाहीर केला, तरी त्यावर चालणारे औषध यायला सहा दशके लागली. शोधानंतर पाचच वर्षांनी, १८८७ मध्ये, आनंदीबाई जोशी याच रोगाने गेल्या. त्या स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांना देण्यासारखे काहीही कोणाकडे नव्हते. त्या काळात रोग्याला डोंगरावर किंवा मोकळ्या हवेच्या आरोग्यधामात नेऊन ठेवणे एवढाच मार्ग होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीसारखी नावे आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येत असत. पण आरोग्यधामात खाटा किती आणि रोगी किती? स्वतंत्र भारतासमोर हाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तर १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या अभ्यासाने दिले. तिथे काही रोग्यांना आरोग्यधामात आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरीब घरांत ठेवून सारखीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेल्यांपैकी बरे होणाऱ्यांचे प्रमाण जवळजवळ तितकेच निघाले आणि त्यांच्या घरच्या माणसांना अधिक प्रमाणात रोग झाला असेही दिसले नाही. या एका अभ्यासामुळे जगभर क्षयरोग्यांना घरी ठेवून उपचार देण्याची पद्धत रुळली. पालकांच्या सभेत हे आवर्जून सांगा. रोग्याला समाजातून न काढता रोग आटोक्यात आणता येतो, हे आपल्याच देशात सिद्ध झालेले आहे.

आरोग्याच्या दाखल्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तो कागद ज्या दिवशी मिळाला त्या दिवसापुरता खरा असतो. त्यापेक्षा एकच नियम करा आणि तो सर्वांना, अध्यक्षांनाही, लागू करा: दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला, संध्याकाळी बारीक ताप येत असेल, वजन उतरत असेल, तर तपासणी करून यावी आणि तोवरच्या अनुपस्थितीत कोणाचे मानधन कापले जाऊ नये. नियमाचा दुसरा भाग गाळला, तर पहिला भाग कोणी पाळणार नाही.

उत्तर: वास्तुकार_रामबाग, इंदूर

डॉक्टरसाहेबांनी वैद्यकाची बाजू मांडली आहे. मी इमारतीची मांडते, कारण प्रश्नातील मला सर्वांत अस्वस्थ करणारे वाक्य प्लायवूडने बंद केलेल्या खिडक्यांचे आहे.

चिटणीसकाका, भिंतीवर बसवलेला स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा आत ओढतो, थंड करतो आणि पुन्हा खोलीतच सोडतो. बाहेरची ताजी हवा तो आणत नाही. बंद सभागृहात चाळीस माणसे दोन तास बसली की प्रत्येकजण इतर एकोणचाळीस जणांनी सोडलेला श्वास काही प्रमाणात घेत असतो. याचे मोजमाप करता येते. मोकळ्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत ४२० भागांच्या थोडे वर असते. आपण श्वासातून तोच वायू सोडत असल्यामुळे खोलीत तो जितका साचेल तितकी ती हवा उष्टी झाली असे समजावे. आकडा हजाराच्या वर जाऊन तिथेच राहत असेल, तर हवा पुरेशी बदलत नाही. हे मोजणारे छोटे यंत्र काही हजार रुपयांत मिळते. मंडळाने ते विकत घेऊन तबल्याचा वर्ग चालू असताना एकदा भिंतीवर लावून पाहावे, म्हणजे खिडक्यांविषयीचा वाद अंदाजावर चालणार नाही.

पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या, १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत खिडक्या उघड्या असताना हवा ज्या वेगाने बदलत होती, तो वेग यंत्राने हवा खेळवणाऱ्या नव्या खोल्यांपेक्षा कितीतरी अधिक निघाला. आणि हवा जितकी लवकर बदलते तितकी टीबीच्या संसर्गाची शक्यता घटते. आपल्या इंदूरच्या जुन्या वाड्यांना चौक होता, माडीला समोरासमोर खिडक्या होत्या, छताजवळ झरोके होते. नव्या बांधकामात आपण ते सर्व काढून टाकले आणि त्याला सुधारणा म्हटले.

याच शहराचा एक इतिहास इथे सांगायला हवा, कारण आज देशातील सर्वांत स्वच्छ शहर म्हणून मिरवताना आपल्याला तो क्वचितच आठवतो. विसाव्या शतकाच्या आरंभी इंदूरला प्लेगने वारंवार गाठले होते. तुकोजीराव होळकर तिसरे यांच्या दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला बोलावले आणि त्यांचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या काळी प्लेगवर सरकारी उपाय म्हणजे दाट वस्ती पाडून टाकणे; मुंबईत १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने चाळीच्या चाळी पाडल्या आणि उठवलेली माणसे शेजारच्या वस्तीत दाटी करून राहिली. गेडिस यांचा याला ठाम विरोध होता. गल्लीबोळ पायी हिंडून, मोडकळीला आलेली मोजकी घरे तेवढी काढावीत, त्या जागी चौक मोकळा करावा, झाड लावावे आणि उरलेल्या वस्तीला ऊन-वारा मिळू द्यावा, अशी त्यांची रीत होती. माणसांना न उठवता रोगाची जागा उठवायची.

ते नुसते अहवाल लिहून थांबले नाहीत. ऐन दिवाळीत त्यांनी शहरातून मिरवणूक काढवली. ज्या भागातील लोकांनी घरे-गल्ल्या सर्वांत स्वच्छ केल्या असतील त्या भागातून ती जाईल असे आधी जाहीर केले होते, त्यामुळे लोक आपणहून झाडलोटीला लागले. मिरवणुकीत सफाई कामगार स्वच्छ पांढरे कपडे घालून, फुलांनी सजवलेल्या झाडूंसह मानाने चालत होते आणि शेवटी प्लेगच्या उंदराचा भलामोठा पुतळा जाळण्यात आला. ज्यांना शहर अस्पृश्य मानत होते त्यांना मिरवणुकीत मान आणि ज्यामुळे रोग पसरतो त्या गोष्टीला आग, ही वाटणी मला फार मोलाची वाटते. अनंत चतुर्दशीला झांक्या, म्हणजे मिरवणुकीतील देखावे, पाहायला रात्रभर जागणाऱ्या या शहरात अशी गोष्ट लोकांच्या गळी उतरवायला वेळ लागणार नाही. एखाद्या वर्षी आपल्या गणेशोत्सवाची आरास उघड्या खिडकीवर का करू नये?

पाण्याच्या बाबतीत हा पल्ला आपण गाठलेला आहे. पटकीच्या साथीत मरीआईचा गाडा गावाबाहेर नेऊन सोडणारे आपले पूर्वज आणि नळाच्या पाण्यात क्लोरीन आहे की नाही हे विचारणारे आपण, यांत फार पिढ्यांचे अंतर नाही. पटकीचा जंतू जगातून गेलेला नाही. पाण्याची व्यवस्था सुधारली म्हणून तो आपल्या घरात सहसा येत नाही. घराबाहेरच्या धुळीविषयी आपण आता थोडेफार बोलतो, पण खोलीतील हवेची जबाबदारी शहरात अजून कोणावरच नाही. शाळेला मान्यता देताना वर्गाची लांबी-रुंदी मोजतात, तशी बाके भरलेली असताना वर्गातील हवाही मोजली जावी, आणि कोचिंग क्लासना तर ही अट सर्वांत आधी लावावी. इंदूरमध्ये तळघरांतून आणि काचबंद मजल्यांवरून हजारो मुले दिवसभर शिकतात. माझ्या मते त्या खोल्यांपुढे तुमच्या तबलावर्गाचा धोका काहीच नाही.

उत्तर: सांवेर_रोड, इंदूर

मी डॉक्टर नाही, इमारती बांधणाराही नाही. मला हा रोग होऊन गेला आहे, म्हणून लिहितो.

मी सांवेर रोडवरील एका कारखान्यात पॅकिंग विभागात होतो. निदान झाले तेव्हा सर्वांत मोठी भीती मरणाची नव्हती, पगाराची होती. माझ्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात होती हे माझे नशीब. त्या योजनेत नेहमीच्या आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते आणि टीबीसारख्या दीर्घ आजारांसाठी त्यापुढे, ठरावीक अटी पूर्ण होत असतील तर, दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकते. मला याची माहिती दवाखान्यातील एका परिचारिकेने दिली. कारखान्यात कोणी सांगितली नव्हती. पैसे येत राहिले म्हणून मी घरी पडून राहू शकलो, अंडी-दूध घेऊ शकलो, सकाळी उठून गोळ्या घेऊन मळमळत असले तरी पुन्हा झोपू शकलो. लघवीला केशरी-तांबडा रंग आला तेव्हा घरात रडारड झाली होती; तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाचा रंग असतो आणि त्यात घाबरण्याचे कारण नसते, हे कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते. नवीन रोग्यांच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्याच काळात आमच्या गल्लीतील पोह्यांची गाडी लावणाऱ्या एका माणसाला हाच रोग झाला. त्याला ईएसआय नाही, रजा नाही, एक दिवस गाडी लावली नाही तर संध्याकाळी चूल नाही. तो पहाटे चारला उठून, खोकत, पोहे भिजवून गाडीवर उभा राहत असे. त्याला बेजबाबदार म्हणणारे लोक मी ऐकले आहेत. मला विचाराल तर त्याने काय करायला हवे होते याचे उत्तर आधी आपण शोधले पाहिजे. केंद्र सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून रोग्याला उपचारकाळात दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. त्यात खाण्याला हातभार लागतो, पण घराचे भाडे भागत नाही. पहिले काही आठवडे, जेव्हा रोग पसरण्याचा धोका खरोखर असतो, तेवढ्या काळापुरती तरी अशा माणसाची रोजची कमाई कोणी भरून दिली, तर तो आनंदाने घरी थांबेल. वसाहती, मंडळे, व्यापारी संघटना हे करू शकतात. गणपतीची वर्गणी जमते, भंडारे होतात. त्यातील थोडा भाग यासाठी बाजूला काढणे अवघड नाही.

आणि चिटणीससाहेब, पेल्याचे म्हणाल तर माझ्याही घरात माझे ताट वेगळे झाले होते. आई लपवून धूत असे, मला कळू नये म्हणून. बरा झाल्यावरही ते ताट पुष्कळ दिवस वेगळेच राहिले. गुरुजींना परत बोलवाल तेव्हा नुसती परवानगी देऊ नका. कार्यकारिणीतील दोन-चार जणांनी त्यांच्या घरी जावे, चहा घ्यावा आणि त्यांना सोबत घेऊन यावे.

उत्तर: दोन_मुलांचा_बाप, इंदूर

वरील सर्व उत्तरे मी आदराने वाचली. पोह्यांच्या गाडीवाल्याबद्दल दादांनी लिहिलेले मनाला भिडले. तरीही ज्या पालकांनी लेखी मागणी केली त्यांची बाजू कोणी तरी मांडायला हवी. माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिच्या शिक्षकांना संसर्गजन्य रोग आहे हे मला कळू नये, तो निर्णय फक्त शिक्षक आणि डॉक्टर यांनी घ्यावा, हे मला पटत नाही. बापाला जाणून घेण्याचा अधिकार नाही काय? तिला लहानपणी बीसीजीची लस दिलेली आहे. तेवढ्यावर मी निश्चिंत राहावे काय? आणि उद्या गुरुजींसारखा प्रामाणिक माणूस नसेल, गोळ्या मध्येच सोडून देणारा असेल, तर मंडळ काय करणार?

उत्तर: निवृत्त_छातीरोगतज्ज्ञ, इंदूर

आपले तिन्ही प्रश्न रास्त आहेत. बीसीजीमुळे लहान मुलांना मेंदूच्या आवरणाचा टीबी आणि तत्सम गंभीर प्रकारांपासून चांगले संरक्षण मिळते. फुप्फुसाच्या टीबीपासून तिचे संरक्षण खात्रीचे नाही. म्हणून आपल्या मुलीचा त्या काळात गुरुजींशी रोजचा संबंध आला असेल, तर तिची तपासणी जरूर करून घ्या.

हेच जाणण्याच्या अधिकाराचेही उत्तर आहे. ज्याला खरोखर संसर्गाची शक्यता होती त्याला ते कळले पाहिजे आणि वेळेवर कळले पाहिजे. टीबीच्या प्रत्येक रोग्याची नोंद सरकारकडे करणे २०१२ पासून खाजगी डॉक्टरांवरही बंधनकारक आहे आणि त्या नोंदीवरून आरोग्य कर्मचारी निकटच्या माणसांपर्यंत पोहोचतात. गोळ्या सोडणाऱ्याचा पाठपुरावाही तेच करतात. मंडळाने पोलिसाची भूमिका घेऊ नये. कोणी उपचार सोडल्याचे कळले तर या आरोग्य कर्मचाऱ्यांना कळवावे आणि तो माणूस उपचार का सोडतो आहे ते विचारावे. बहुतेक वेळा कारण पैशाचे, दारूचे किंवा औषधांच्या त्रासाचे निघते आणि तिन्हींवर काही ना काही करता येते.

मात्र नाव फलकावर लागणे किंवा व्हॉट्सअॅप गटावर फिरणे हे वेगळे. तसे एकदा घडले की पुढचा माणूस खोकला दडवतो, दुसऱ्या शहरात जाऊन नाव बदलून तपासणी करतो आणि दरम्यान तुमच्या-माझ्या शेजारी बसून राहतो. कुष्ठरोगाच्या बाबतीत आपण हे भोगले आहे. रोग्यांना वेगळे काढण्यासाठी १८९८ मध्ये केलेला कायदा, रोग पूर्ण बरा करणारी औषधे येऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, २०१६ मध्ये रद्द झाला आणि घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग २०१९ मध्ये वगळला गेला. तोवर भीतीने कितीतरी रोगी दडून राहिले आणि हातापायांची बोटे गमावून बसले. एचआयव्हीबाधितांना नोकरी, शिक्षण आणि भाड्याच्या घरात भेदभाव सोसावा लागू नये म्हणून २०१७ मध्ये स्वतंत्र कायदा झाला. टीबीच्या रोग्यालाही तसेच संरक्षण मिळायला हवे असे माझे ठाम मत आहे.

दादांनी खाण्याचा मुद्दा काढला, त्यात एक भर घालतो. झारखंडमध्ये २०१९ पासून झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टीबीच्या रोग्यांच्या घरातील माणसांना दरमहा धान्य आणि डाळीचा शिधा देण्यात आला. ज्या भागांत असा शिधा मिळाला तिथे घरच्यांना नव्याने टीबी होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. शिध्याने एवढा फरक पडतो हे पाहून मी स्वतः चकित झालो होतो. पालकांना मुलांच्या सुरक्षिततेसाठी खरोखर काही करायचे असेल, तर दाखले गोळा करण्याऐवजी एखाद्या रोग्याच्या कुटुंबाचा शिधा उचलावा. सरकारच्या टीबी मोहिमेत ‘निक्षय मित्र’ म्हणून तशी नोंदणी करता येते.

प्रश्नकर्ता: वाचनालय_चिटणीस, इंदूर

सर्वांचे मनापासून आभार. काल कार्यकारिणीची सभा झाली. गुरुजींना पुन्हा वर्ग घेण्याची विनंती करायला अध्यक्ष आणि मी त्यांच्या घरी जाणार आहोत. त्या काळातील सर्व विद्यार्थ्यांच्या पालकांशी एकेकट्याने बोलून, जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासणीचा दिवस ठरवला आहे. दाखल्याची मागणी मान्य झाली नाही. दोन आठवड्यांच्या खोकल्याचा नियम मान्य झाला आणि त्या काळातील मानधन चालू ठेवण्याचेही ठरले, यावर बरीच चर्चा झाली आणि मतेही पडली. वर्गणीतून शिधा देण्याचा विषय पुढच्या सभेत येईल, त्याला विरोध होईल असे दिसते, पण मी तो सोडणार नाही. पेल्याचा ठिपका आमच्या सभागृहातील मावशींनी घासून काढला.

खिडक्यांबद्दल एक अडचण आहे. रस्त्याकडची धूळ आणि डास यांमुळे त्या सताड उघड्या ठेवायला सभासद तयार नाहीत, आणि मे महिन्यात एसीशिवाय बसवत नाही हेही खरे आहे. वास्तुकारताई, यातून काही मार्ग निघेल का?

उत्तर: वास्तुकार_रामबाग, इंदूर

निघेल, काका. प्लायवूड काढून तिथे बारीक जाळीची सरकती तावदाने बसवा. धूळ थोडीफार अडेल आणि डास अडतील. ऑक्टोबर ते मार्च संध्याकाळी फारसा उकाडा नसतो, तेव्हा एसी बंद आणि खिडक्या पूर्ण उघड्या असे ठरवून टाका. उन्हाळ्यात एसी चालू असतानाही दोन खिडक्या वीतभर उघड्या ठेवा आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर, छताजवळ, हवा बाहेर फेकणारे दोन मोठे पंखे बसवा. हे पंखे खिडकीच्या शेजारी अजिबात लावू नका, बहुतेक ठिकाणी तीच चूक होते. तसे केले की पंखा जवळच्या खिडकीतील हवा ओढून तिथेच बाहेर टाकतो आणि सभागृहाच्या मधली हवा जागची हलत नाही. समोरासमोर लावले की हवा बसलेल्यांवरून आडवी वाहत जाते. वीजबिल थोडे वाढेल. तबल्याच्या वर्गात गुरुजींची बैठक पंख्याच्या भिंतीकडे आणि मुलांची खिडकीकडे ठेवा. ही व्यवस्था गुरुजींपुरती न ठेवता पुढे जो कोणी शिक्षक येईल त्याच्यासाठीही तशीच राहू द्या. सभागृहाची लांबी, रुंदी आणि छताची उंची कळवलीत तर पंखा किती क्षमतेचा लागेल ते हिशेब करून सांगते.